खुंटीवरचं प्रस्थान

फटफटी घरी आली त्या दिवशी गल्लीतल्या म्हशींनी दावी तोडली, समोरच्या काकूंच्या हातून पाण्याचा हंडा पडला आणि माझी आई हसली. म्हशींबद्दल आणि हंड्याबद्दल मला बरंच ऐकून घ्यावं लागलं. आईच्या हसण्याबद्दल कोणी काही बोललं नाही, पण मी मात्र ते विसरलो नाही, कारण तिला हसताना पाहून वर्षं लोटली होती.

महूच्या छावणीतला एक गोरा अधिकारी विलायतेला परत चालला होता, त्याच्याकडून मी ती गाडी घेतली होती. एका सिलिंडरची, चामडी पट्ट्यावर चालणारी. सुरू करायची तर तिला धरून धावत सुटायचं आणि ती खोकायला लागली की टांग टाकायची. टांग चुकली तर ती पुढे आणि आपण धुळीत. मी थोरल्या पातीच्या बांधकाम खात्यात नकाशे काढायला होतो. न पाहिलेल्या नद्या निळ्या शाईनं काढायच्या आणि न पाहिलेल्या गावांना ठिपके द्यायचे, हा माझा धंदा. एक दिवस त्या ठिपक्यांचा मला भयंकर राग आला. तेव्हाच ठरवलं, की लांब रजा काढायची आणि एकट्यानं, फटफटीवर, कसलीही घाई न करता आपला देश बघायचा. आधी इंदूर, मग धार, मनावर, निसरपूरपाशी नर्मदा, आणि पुढे खाली, ज्या मुलखातून आमचे पूर्वज घोड्यांवर बसून इकडे आले त्या मुलखात. त्यानंतर सडक नेईल तिकडे.

थोरली पाती म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. त्या काळी देवास हे गाव एक आणि राज्यं दोन होती, थोरल्या पातीचं आणि धाकट्या पातीचं. राजे दोन, कचेऱ्या दोन, टेकडीवरच्या देव्यासुद्धा दोन. आमच्या गल्लीत शीव रस्त्याच्या मधोमध होती. आमचं घर थोरल्या पातीत आणि समोरच्या काकूंचं धाकट्या. विरजण संपलं की परराज्यात जाऊन ते मागून आणायचं. आम्हाला त्यात काही नवल वाटत नसे. मांजरांनाही वाटत नसे.

घरात आई आणि मी. वडील मी लहान असतानाच गेले होते. माझ्याहून मोठा एक भाऊ होता, सगळी गल्ली त्याला दादा म्हणायची, आणि मला बाळ. दादा प्लेगात गेला. गाव रिकामं करून आम्ही सगळे माळावरच्या झोपड्यांत राहत होतो तेव्हा. आई स्वतः तापात बेशुद्ध होती, म्हणून अग्नी मी दिला. मिसरूडही फुटलं नव्हतं मला. आई शुद्धीवर आली तेव्हा तिला सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "छे रे, तो पुण्याला निघालाय ना शिकायला." आजारी बाईला सुधरू दे, मग बघू, असं सगळ्यांनी ठरवलं आणि मग ते राहूनच गेलं.

ती वेडी नव्हती, हे आधीच सांगतो. भाजीवालीशी हुज्जत घालायला तिच्यासारखी दुसरी नव्हती, आणि माझ्या पगारातला छदामही तिच्या नजरेतून सुटत नसे. फक्त रोज दिवेलागणीला रस्त्याच्या बाजूच्या खिडकीत ती एक पणती ठेवायची. ती खिडकी दक्षिणेला. काकू म्हणायच्या, "अहो, दक्षिणेला तोंड करून दिवा यमाला लावतात, वर्षातून एकदा." आई म्हणायची, "पुणं दक्षिणेलाच आहे." विषय तिथंच संपायचा.

असल्या घरातला उरलेला एकुलता मुलगा फटफटीवरून देशभर भटकायला निघतो म्हटल्यावर आई आकांत करील अशी माझी समजूत. मी उत्तरं पाठ करून ठेवली होती. पण ती उलट माझ्याहून जोरात तयारीला लागली. मी परसात पट्ट्याला एरंडेल चोळत बसलो की ती शेजारी बसकण घालून विचारायची, "हिचा दिवा किती लांब पडतो?" मी तिला दिव्यात कार्बाइडवर पाणी ठिबकून वायू कसा होतो ते दाखवलं. तिनं लक्ष देऊन पाहिलं आणि विचारलं, "म्हणजे अंधारात रस्त्याच्या कडेला कोणी बसलेलं असलं तर दिसेल?"

"दिसेल की."

"मग झालं."

मी म्हटलं, "आई, मी अगदी सावकाश जाणार आहे, काळजी नको." यावर ती म्हणाली, "सावकाशच जा. गावोगाव उतरत जा. घाईत माणूस चुकतो." मला वाटलं, रस्ता चुकतो असं तिला म्हणायचंय. आईची माया, असं मनाशी म्हणून मी निर्धास्तपणे नटबोल्टांचे पाने घासायला लागलो.

सामान काढायला घेतलं तेव्हा प्रथम माझ्या अंगावर काटा आला. इंदूरहून बैलगाडीनं पेट्रोलचे डबे आले होते, रबराची ठिगळं, जादा प्लग, मेणकापड, सगळं मी पडवीत मांडलं होतं. आईनं मांडलेलं सामान त्याच्या शेजारी होतं. दशम्यांचे दोन डबे. दोन तांबे, दोन वाट्या, दोन पंचे. मी म्हटलं, "अगं, ही बैलगाडी नव्हे, मागं एवढी जागा नाही." ती ऐकल्यासारखं करून शिंप्याकडून आणलेल्या सदऱ्यांच्या घड्या घालत राहिली. एक उचलून मी अंगाला लावून पाहिला. बाह्या माझ्या बोटांच्याही खाली आल्या.

"मोठा झालाय," मी म्हटलं.

"तुझा नाही तो," आई म्हणाली. "ठेव खाली, चुरगळेल. भेटला की दे त्याला. अंगावरचे आता विरले असतील."

बाहेर लख्ख ऊन होतं. काकूंच्या अंगणात कोणीतरी मिरच्या कांडत होतं आणि ठसका इथपर्यंत येत होता. मी त्या सदऱ्याची नीट घडी घातली आणि खाली ठेवला. मला कळलं ते एवढंच, की मी देश बघायला निघालो नव्हतो. आई मला दादाच्या मागावर धाडत होती. आणि मी एकटा परत आलो, तर त्या दिवशी दादा तिच्यासाठी मरणार होता. तो अग्नी मला दुसऱ्यांदा द्यावा लागणार होता, आणि या वेळी आई शुद्धीवर असणार होती.

तरी मी तयारी थांबवली नाही. मनाला म्हटलं, निघू तर, पुढचं पुढे बघू. माणूस असाच असतो.

आईनं निघायला चांगला दिवस काढला. नेमकी त्याच सुमाराला मी सरावाला म्हणून टेकडीखालच्या सडकेवर गाडी नेली आणि पट्टा तुटला. नवा मुंबईहून यायचा होता. मुहूर्त मोडायचा नाही आणि निघता तर येत नाही, यावर आमच्याकडे जुना तोडगा आहे, तो म्हणजे प्रस्थान ठेवणं. अंगावरचं एखादं वस्त्र घ्यायचं, त्यात सुपारी, हळकुंड, मूठभर तांदूळ बांधायचे, आणि ते गाठोडं मुहूर्तावर शिवेपलीकडच्या घरी, जायच्या दिशेला, नेऊन ठेवायचं. म्हणजे आपण निघालो. मग शरीर सवडीनं मागाहून गेलं तरी चालतं. इतर गावांत त्यासाठी वेशीबाहेर जावं लागतं. आमची शीव उंबऱ्यापासून चार ढांगांवर असल्यामुळे आम्ही रस्ता ओलांडून काकूंकडे ठेवायचो. ही सोय फार चांगली आहे असं आम्हाला पिढ्यानपिढ्या वाटत आलं होतं.

मी माझं उपरणं सोडून गाठोडं बांधलं आणि काकूंकडे गेलो. त्या मला मधल्या खोलीत घेऊन गेल्या. तिथं भिंतीत दोन खुंट्या होत्या. एकीवर आधीच एक गाठोडं होतं. धूळ बसून रंग मातकट झाला होता, पण काठ ओळखू आला. लाल, बारीक. ते दादाचं उपरणं होतं.

"काकू, हे अजून इथं?"

"मग काय करू?" काकू खालच्या आवाजात म्हणाल्या. "तुझ्या आईनं बजावलंय, हात लावायचा नाही. तो निघालाय म्हणते. दिवाळीला घर सारवते तेव्हा एवढी भिंत सोडून सारवते मी. बाळ, खरं सांगू? मला या खोलीत एकटीनं बसवत नाही. कोणीतरी निघायच्या तयारीत बसलंय असं वाटतं."

नियम असा, की प्रवास रद्द झाला तर प्रस्थान परत आणायचं. दादा गेला तेव्हा कोणाला भान होतं? माळावर माणसं मरत होती. सुपारी-तांदळाचं गाठोडं कोणाच्या लक्षात राहणार! अग्नी दिला, अस्थी क्षिप्रेत सोडल्या, आणि दादा तेव्हापासून त्या खुंटीवर, निघालेला आणि न पोचलेला. मी माझं गाठोडं दुसऱ्या खुंटीला अडकवलं. दोन्ही शेजारी शेजारी लोंबत राहिली.

त्या दिवशी दिवेलागणीला आईनं खिडकीत दोन पणत्या ठेवल्या. मी समोर पाटावर जेवत असताना.

पट्टा येईना. एकदा निघालेल्या माणसानं घरात असणं काय असतं ते मला त्या दिवसांत कळलं. आई ताट वाढायची पण आग्रह करायची नाही, पाहुण्याला आग्रह करतात तेवढाही नाही. मी बोललो तर ऐकायची, पण मधेच खिडकीकडे बघायची, जसं काही माझा आवाज तिकडून येतोय. शेजारीण आली तर तिला सांगायची, "बाळ गेलाय ना दादाला आणायला." शेजारीण माझ्याकडे बघायची. मी हातात पाना घेऊन तिथंच उभा असायचो. थट्टा करायला माझी जीभ नेहमी वळवळते, पण या बाबतीत तिनं कधी उचल खाल्ली नाही. मला भीती वाटत होती, आणि ती कशाची हे नीट सांगता येत नव्हतं.

शेवटी एका दुपारी मी काकूंकडे गेलो आणि दादाचं गाठोडं खुंटीवरून काढलं. मनात हिशोब सरळ होता. राहून गेलेली गोष्ट पुरी करायची. प्रस्थान परत आणायचं, आईच्या हातात द्यायचं आणि म्हणायचं, आई, तो गेलाच नाही पुण्याला. मग ती रडेल. रडू दे. काकू मागून म्हणाल्या, "देवाचं नाव घे आणि सरळ जा, मधे थांबू नकोस." मी रस्ता ओलांडला. गाठोडं इतकं हलकं होतं, की पुन्हा पुन्हा खाली बघून खात्री करावी लागत होती. तांदळांचा भुगा होऊन झडून गेला असणार.

आई दारातच होती. तिनं आधी गाठोड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "थांब, आत येऊ नकोस," ती म्हणाली आणि लगबगीनं आत गेली. भाकरीचा तुकडा आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. लांबच्या प्रवासाहून आलेल्या माणसावरून ओवाळतात तसा तिनं तुकडा माझ्यावरून ओवाळून टाकला, माझ्या पायांवर पाणी घातलं, डोळ्यांना लावलं. तिच्या गालांवरून घळाघळा पाणी वाहत होतं. इतक्या वर्षांचं सगळं.

"आलास रे दादा," ती म्हणाली. "किती वाळलास. उंचीसुद्धा कमी दिसते तुझी." आणि मग माझ्या खांद्यावरून मागे रस्त्याकडे बघत म्हणाली, "आणि बाळ? तुला आणायला गेला होता तो. भेटला नाही वाटेत?"

मी काय म्हणायला हवं होतं, हे मला आजवर अनेकांनी सांगितलं आहे. त्यांतला कोणीही त्या वेळी ओल्या पायांनी उंबऱ्यावर उभा नव्हता.

"भेटला," मी म्हटलं. "धारच्या अलीकडे. तो म्हणाला, एवढं आलोय तर देश बघून येतो."

आई हसली. "सावकाश येऊ दे," म्हणाली, आणि मला आत घेतलं.

त्या दिवसापासून मी कचेरीत मी होतो आणि घरी दादा. लांब बाह्यांचे सदरे मी घालायला लागलो, बाह्या दुमडून. नवा पट्टा आला, तो तसाच कागदात राहिला. जाणार कसा? मी गेलो असतो तर नुकताच परतलेला दादा पुन्हा गेला असता, आणि हे दुसऱ्यांदा आईला सोसलं नसतं. आणि माझं गाठोडं परत आणावं तर घरात मुलगा एकच उरणार, आणि त्या दोघांतला कुठला, ते आईला ठरवावं लागणार. तेव्हा ते तिथंच राहू दिलं. काकू एकदा चिडून म्हणाल्या, "कुठवर फसवशील तिला?" मी म्हटलं, "मी कुठं फसवतोय? ती हाक मारते, मी ओ देतो."

आई पणती लावायची, आता पुन्हा एकच, आणि विचारायची, "आज कुठवर गेला असेल रे बाळ?" मी सांगायचो. नकाशे पाठ होतेच. आज बाळ धारहून निघाला. घाटात पट्टा घसरला, म्हणून झाडाखाली बसून राहिला. मनावरला बाजार होता, तिथं त्यानं कापसाच्या गाड्या मोजल्या. निसरपूरपाशी फटफटी नावेत घालायला नावाडी तयार होईना, मग फळ्या टाकून चढवली. कसलीच घाई नव्हती. एकेका गावाला आम्ही आठवडा आठवडा देत होतो. मला त्यात रंग चढायला लागला होता, हे कबूल करतो. माझा प्रवास असा चालला होता आणि तो छान चालला होता.

मग काकूंच्या ओसरीवर नेहमी उतरणारा मनावरचा कापसाचा व्यापारी आला. मला रस्त्यात थांबवून म्हणाला, "भिया, तमारो भई मिल्यो थो म्हारे गाम में."

"कोण भाऊ?"

"फटफटी वालो. मूंडो एकदम तमारा जसो. कुआ पे पाणी पियो ने चल्यो गयो. बोल्यो कईं नी."

माझ्याच तोंडवळ्याचा फटफटीवाला त्याच्या गावच्या विहिरीवर पाणी पिऊन न बोलता निघून गेला होता, म्हणे. काकूंना खोदून खोदून विचारलं. त्यांनी देवीची शपथ घेऊन सांगितलं, की मी त्याला अवाक्षर बोलले नाही. महूच्या छावणीतल्या गोऱ्यांकडे आणखी फटफट्या होत्या, त्यांच्यापैकी कोणी असेल, असं मी मनाला समजावलं. उन्हानं रापलेल्या धुळकट गोऱ्याचा चेहरा माझ्यासारखा दिसूही शकेल. पण त्या दिवशी परसात जाऊन मी फटफटीवरचं गोणपाट उचलून पाहिलं. ती होती तिथंच होती. चाकं मात्र मी नीट पाहिली नाहीत. त्यांना कुठल्या मातीचा रंग आहे ते बघायची माझी छाती झाली नाही.

त्यानंतर मी बाळला मोठ्या गावांतून न्यायचं टाळलं. रानावनातून, आडवाटांनी पाठवला, जिथून कोणी निरोप घेऊन येणार नाही. पुढे विलायतेत लढाई पेटली, पेट्रोलचे डबे यायचे बंद झाले आणि फटफटी एका ठेकेदारानं मोडीत नेली. आईला हे सांगितलं नाही. बाळचा प्रवास चालूच होता.

आई गेली ती झोपेतच, काही दुखणंबिखणं न होता. दिवस-वार आटोपले आणि मी काकूंकडे माझं गाठोडं आणायला गेलो. आता ते परत आणायला हरकत नव्हती. मधल्या खोलीत दोन्ही खुंट्या रिकाम्या होत्या.

"तुझी आई घेऊन गेली की," काकू म्हणाल्या. "जायच्या आदल्या दिवशी. उन्हं चढल्यावर काठी टेकत एकटी रस्ता ओलांडून आली. एवढ्या वर्षांत कधी आली नव्हती. इथं उभी राहिली आणि म्हणाली, माझा धाकटा न्यायला आलेय. मला वाटलं तुला ठाऊक आहे."

मी घरी आलो. देवघरातल्या कोनाड्यात, दादाच्या उपरण्याच्या घडीखाली, माझं उपरणं होतं. सुपारी आणि हळकुंड बाजूला काढून ठेवलेली. मग मला एकेक आठवायला लागलं. त्या दिवशी संध्याकाळी मी कचेरीतून आलो तेव्हा उंबऱ्याशी भाकरीचा तुकडा पडला होता, मुंग्या लागलेला, आणि मी चिडून तो केरसुणीनं लोटला होता. खिडकीत पणती नव्हती. तेल संपलं असेल म्हणून मी विचारलं नाही.

आणि जेवताना आईनं भाताचा वाडगा पुढे करून म्हटलं होतं, "बाळ, घे अजून थोडा." मी ओ दिली नाही. मान वळवून दाराकडे पाहिलं होतं, बाळ आला की काय म्हणून.